घरच्या मागावर टॉवेल आणि पांघरूण: आधी हिशेब, मग ताणा, मग धोटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक ताई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. घरात १० बाय १२ फुटांची एक खोली मोकळी आहे. टॉवेल आणि थंडीतली पांघरुणं स्वतःच्या हाताने विणावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. कोणता माग घ्यावा, कोणतं सूत आणावं, सुरुवात टॉवेलने करावी की पांघरुणाने, आणि सोलापुरी टॉवेलसारखा रेशांचा, म्हणजे अंगभर सुताच्या वेढ्या असलेला टॉवेल घरी जमेल का, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, मी सोलापूरचा. आजोबांचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला होता, वडिलांनी जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादरी विणल्या आणि मी गेली चौतीस वर्षं विणतो आहे. त्यातली शेवटची अकरा वर्षं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, चार वह्यांच्या लाकडी मागावर. आमच्या घरी मागाला ‘मग्गम’ म्हणतात, पण इथे मी मराठी शब्दच वापरतो. ‘वही’ हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. ती लिहायची वही नव्हे. ताण्याचा, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतला, प्रत्येक धागा ज्या फाशातून ओवतात, त्या फाशांची चौकट म्हणजे वही. वह्या वर-खाली झाल्या की धाग्यांमध्ये वाट उघडते आणि तिच्यातून आडव्या सुताची कांडी घेऊन धोटा जातो. फणी म्हणजे पोलादी दात्यांचा कंगवा. ती पुढे-मागे झुलणाऱ्या हात्यात बसवलेली असते आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून जागेवर बसवते.

पहिल्यांदा मागाचं बोलतो. ज्यात एकच पट्टी वहीचं आणि फणीचंही काम करते असा टेबलावरचा छोटा माग स्कार्फसाठी चांगला आहे. टॉवेलला मात्र बाणा घट्ट ठोकावा लागतो, त्याला अंगाने जड माग हवा. तुमच्या खोलीत चार वह्यांचा, पायाने चालवायचा, ३६ इंच फणी बसेल असा माग आरामात मावेल. त्याला साधारण पाच बाय पाच फूट जागा लागते आणि मागे-पुढे उभं राहायला दोन-दोन फूट. यापेक्षा रुंद माग सुरुवातीला घेऊ नका. रुंद कापडाला धोटा दोरीने फेकण्याची सोय करावी लागते. जॉन के यांनी १७३३ मध्ये काढलेली ती युक्ती अजूनही हातमागावर चालते, पण शिकाऊ हाताला आधी आपल्या हातून धोटा सरकवण्याची सवय व्हायला हवी. ३६ इंचांपर्यंत हात सहज पोचतो.

जुना माग मिळाला तर जरूर घ्या. आमच्या गल्लीतले कितीतरी माग सरपणात गेलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे एखादा पुन्हा उभा राहिला की मला मनापासून आनंद होतो. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर कापड तिरकं येईल आणि महिनाभर तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत राहाल. बीमचं, म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळाचं, दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी झिजलेली नको, नाहीतर ठोकताना ताण सुटत जातो. आणि फणीवरून जुन्या रेशमी साडीचा तुकडा फिरवा. तो कुठेही अडकला तर तिथे गंज आहे. गंजलेला दाता धागा कापतो, आणि पांढऱ्या टॉवेलवर पडलेला गंजाचा डाग निघत नाही. फणी बदलता येते, वाकडी चौकट सरळ होत नाही.

आता रेशांच्या टॉवेलचं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तोच करावासा वाटणं साहजिक आहे. पण त्याची रचना समजून घ्या. त्याला ताणे दोन लागतात, दोन वेगळ्या बीमवर. एक घट्ट, जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा. दुसरा सैल, रेशांचा. पहिले दोन बाणे कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच थांबवतात आणि तिसऱ्या बाण्याला तिन्ही एकदम पुढे ठोकतात. घट्ट ताण्यावरून ते घसरत जातात आणि जाताना सैल धाग्याला सोबत नेतात. तो उचलला जाऊन त्याची गाठ न मारता वेढी तयार होते. ही वेढी प्रत्येक वेळी सारखी यायला सैल ताण्यावरचा ताण अगदी मोजून मापून ठेवावा लागतो. घरच्या मागावर दुसरा ताणा वजनं टांगून सोडता येतो, मी केलं आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काम आहे. तुम्ही चौकड्यांच्या विणीचा, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखे खळगे येतात तसा टॉवेल करा. चार वह्यांवर तो होतो, त्या खळग्यांमुळे पाणी छान शोषतो आणि पंख्याखालीसुद्धा लवकर वाळतो. नाशिकच्या पावसाळ्यात त्याचा उपयोग तुम्हाला कळेल.

सुरुवात टॉवेलनेच करा. चूक झाली तरी तो अंग पुसतोच, आणि एका ताण्यावर चार टॉवेल निघतात, म्हणजे चार वेळा सुधारायची संधी मिळते.

सुताला २/१० घ्या. १० नंबरचे दोन पदर पिळलेलं सूत. ते बळकट असतं, ताण्यात तुटत नाही, त्यामुळे घरी खळ, म्हणजे धागा ताठ करणारी पेज, लावायची गरज पडत नाही. एकपदरी सूत स्वस्त दिसतं, पण खळीशिवाय ते फणीत घासून फुलतं आणि तुटतं. मुंबई आणि नागपूरला विणकर सेवा केंद्रं आहेत. सुताबद्दल आणि रंगाबद्दल तिथे जाऊन विचारायला अजिबात संकोच करू नका.

कोरं सूत आणलंत तर त्यात कापसाचं नैसर्गिक मेण असतं. अशा सुताचा टॉवेल पाणी पितच नाही, अंगावरून नुसता फिरतो. लडीत असेल तर धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, नाहीतर विणून झाल्यावर कापड उकळा. रंगीत सूत असेल तर एक धागा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून गरम इस्त्रीखाली दाबा. डाग आला तर ते सूत टॉवेलला वापरू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रंगलेल्या सुताचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

आता हिशेब. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण कापड मागावर बसण्याआधी कागदावर ठरतं. मला टॉवेल दाखवायला येणाऱ्या नवशिक्यांपैकी बहुतेकांची विण चांगली असते आणि टॉवेल मात्र लहान झालेला असतो. त्यांनी मागावरची लांबी मोजलेली असते, धुतल्यानंतरची नाही.

इंचाला किती धागे, हे असं काढा. सपाट पट्टीवर सूत एकमेकांना लागून, पण एकमेकांवर न चढवता, एक इंच गुंडाळा आणि वेढे मोजा. २/१० चे साधारण ४८ वेढे भरतात. साध्या विणीत एका धाग्याशेजारी बाण्यालाही तेवढीच जागा लागते, म्हणून निम्मे, २४. चौकड्यांच्या विणीलाही मी याच सुताचे २४ धरतो. त्यासाठी २४ ची फणी मागा. आपल्याकडे फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतली घरं, म्हणजे दात्यांमधल्या फटी. २४ ची फणी म्हणजे इंचाला १२ घरं, एका घरात दोन धागे. परदेशी पुस्तक बघून ‘इंचाला २४ घरं’ असं समजून बसलात तर फणी दुप्पट बारीक येईल आणि पैसे वाया जातील.

धुऊन झाल्यावर टॉवेल २० बाय ३२ इंचांचा हवा असं धरू. ही विण खूप आटते. माझ्या सुताची मागावरच्या मापातून जवळजवळ पाव भागाने कमी होते. म्हणून फणीत रुंदी २६ इंच. २६ गुणिले २४, म्हणजे ६२४ धागे. लांबीला प्रत्येक टॉवेल दुमडपट्टीसह ४४ इंच विणायचा. चार टॉवेलचे १७६ इंच झाले. बाण्यावरून वर-खाली जाताना ताणा खर्च होतो, त्याचे १४ इंच. शेवटचा भाग वह्यांच्या मागे राहतो, तो विणता येत नाही, त्याचे आणि पुढच्या गाठींचे मिळून ३० इंच. बेरीज २२० इंच, म्हणजे साडेपाच मीटरच्या थोडं वर. ताणा ६ मीटर करा. ६२४ गुणिले ६, म्हणजे ३,७४४ मीटर सूत ताण्याला. २/१० सुताचा एक किलो म्हणजे साधारण ८,४६० मीटर, तेव्हा ताण्याला जेमतेम ४४५ ग्रॅम. बाण्याला इंचाला २४ धरून सुमारे ३,००० मीटर, म्हणजे ३६० ग्रॅम. एक किलो आणलंत तर नमुना विणायलाही सूत उरेल. आणि नमुना विणाच. ताण्याचे पहिले सहा इंच विणून, कापून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून मोजा. जे आटेल ते तुमच्या सुताचं आणि तुमच्या हाताचं खरं माप. माझं माप विसरून जा आणि ते धरा.

ताणा घालताना घाई नको. भिंतीवर लाकडी पट्ट्या आणि खुंट्यांची चौकट करून घ्या, सुतार दोन तासांत करून देतो. प्रत्येक फेरीत दोन खुंट्यांमध्ये धाग्यांची अढी पडली पाहिजे, जाताना वरून, येताना खालून. या अढीमुळेच पहिला धागा पहिलाच राहतो आणि सहाशेचोविसावा तिथेच राहतो. चौकटीवरून ताणा काढण्याआधी अढी चार ठिकाणी रंगीत दोऱ्याने बांधा. माझ्या हातून एकदा घाईत एक बाजू बांधायची राहिली. पाचशे धागे एकमेकांत शिरले, दोन दिवस बसून सोडवले आणि तरी शेवटी अर्धे कापून टाकावे लागले. लहानपणी आईने मला मागावर बसू देण्याआधी एक वर्ष नुसता ताणा आणि कांड्या करायला लावल्या होत्या. तेव्हा राग यायचा.

एका बैठकीत दीडशे-दोनशे धागेच घाला. थकलेला हात सूत जास्त ओढतो, आणि सकाळचे धागे सैल, संध्याकाळचे घट्ट असा ताणा होतो. बीमवर गुंडाळताना दोन माणसं हवीत. एकाने ताणा दोन्ही हातांनी घट्ट धरून मागे ओढत राहायचं, दुसऱ्याने बीम फिरवायचं. प्रत्येक फेऱ्यात खाकी कागद घाला, म्हणजे वरचे धागे खालच्यांत रुतत नाहीत. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

मग वहीफणी, म्हणजे प्रत्येक धागा वहीतून आणि फणीतून ओवणं. इचलकरंजीला ‘वहिफणी कामगार’ हा स्वतंत्र धंदाच आहे. दोघं समोरासमोर बसतात, एक धागा देतो आणि दुसरा आकडीने ओढून घेतो. घरीही कुणाला तरी समोर बसवा. या विणीची ओवणी १, २, ३, ४, ३, २ अशी, म्हणजे सहा धाग्यांचा एक फेरा. ६२४ ला सहाने भागलं की १०४ फेरे बरोबर बसतात. प्रत्येक फेऱ्यानंतर थांबून सहा धागे मोजा आणि सैल गाठ मारा. सगळं ओवून झाल्यावर तीनशेव्या धाग्यावर चूक सापडली तर पुढचे तीनशे उसवावे लागतात. मोजत गेलात तर जास्तीत जास्त सहा. तीन संध्याकाळी लागतील, लागू देत.

पुढच्या रुळाला धागे इंच-इंचाच्या जुडीने बांधा आणि डोळे मिटून ताण्यावरून तळहात फिरवा. डोळ्याला सैल धागा दिसत नाही, तळहाताला लगेच कळतो. मऊ लागेल ती जुडी सोडून पुन्हा बांधा. सगळीकडे सारखं लागेपर्यंत धोटा हातात घेऊ नका.

विणण्याबद्दल मला कमी सांगायचं आहे, ते हातच शिकतो. एकच चूक सगळे करतात. बाणा सरळ ओढून घेतात, मग काठ आत येतात, कडेचे धागे फणीत घासून तुटतात. धोटा काढल्यावर बाणा तिरका, थोडा वर चढता ठेवा आणि मग ठोका. त्या तिरकेपणातलं जास्तीचं सूत धाग्यांच्या वर-खाली जाण्यात खर्च होतं. दर दोन इंचांनी कापड पुढे गुंडाळा. धागा तुटला तर कापडात एक टाचणी आडवी लावून नवा धागा तिला आठच्या आकड्यात गुंडाळा आणि दुसरं टोक मागे एखाद्या जड नटाला बांधून लोंबतं सोडा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, सुती धागा ठिसूळ होतो. आजोबांचा माग खड्ड्यात होता त्याचं एक कारण हेच, जमिनीचा ओलावा ताण्याला मिळायचा. फ्लॅटमध्ये मी मागाखाली ओलं पोतं पसरून ठेवतो. मागाच्या चारही पायांखाली जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, घाला, खालच्या घरात ठोके जात नाहीत.

दोन्ही टोकांना दोन-दोन इंच साधी विण, बारीक बाण्याने. त्याची दुमडपट्टी पातळ होते. कापण्याआधी शिलाई मशीनवर नागमोडी टीप मारा. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, ते धाग्यावर थर धरतं आणि पाणी शोषणं कमी होतं.

चार टॉवेल झाले की पांघरुणाकडे वळा.

आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी सांगोल्याकडच्या एका सनगर विणकराच्या घरी मी तीन दिवस बसून पाहिली. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून कुंचीने विंचरतात, धागा काडीसारखा ताठ होतो. ती लोकर पावसाला आणि माळावरच्या वाऱ्याला टिकते, पण रात्री गालाला लागेल अशा पांघरुणाला ती टोचते. पहिल्या पांघरुणाला मऊ, दोन किंवा तीन पदरी लोकर घ्या. अॅक्रिलिक घेऊ नका. ते पाण्यात आटून एकजीव होत नाही, आणि पांघरुणाचा सगळा भरदारपणा त्या आटण्यातच आहे.

मध्यम जाडीच्या लोकरीला इंचाला ८ धागे पुरतात. वेगळी फणी घ्यायची गरज नाही. २४ च्याच फणीत दोन घरांत एकेक धागा भरा, तिसरं रिकामं सोडा, इंचाला ८ होतात. मागावर रेषा-रेषा दिसतील, धुतल्यावर मिटतील. ३६ इंची मागावर पांघरूण दोन पट्ट्यांत विणून मधे जोडायचं. फणीत रुंदी ३४ इंच, म्हणजे २७२ धागे. प्रत्येक पट्टी ८८ इंच. धुतल्यावर साधारण ५४ बाय ७२ चं पांघरूण होतं. ताणा पुन्हा ६ मीटरचाच लागतो.

माझ्या पहिल्या पांघरुणाच्या दोन पट्ट्या जोडायला घेतल्या तेव्हा एक दुसरीपेक्षा पाच इंच लांब निघाली. पहिली दिवाळीच्या सुट्टीत निवांत विणली होती, दुसरी कामावरून दमून आल्यावर, जोरजोरात ठोकत. पट्टे कुठेच जुळेनात. तेव्हापासून मी ताण सैल करून मोजलेली एक कापडी फीत काठाला टाचून ठेवतो, ती कापडाबरोबर रुळावर गुंडाळली जाते, आणि दर चार इंचांना बाणे मोजतो. इंचाला ८ म्हणजे ३२ भरले पाहिजेत. ३६ भरले की हात जड झाला आहे असं समजायचं आणि उठून चहा घ्यायचा. लोकर ठोकायची नसतेच, फणीने बाणा नुसता जागेवर टेकवायचा. कापड जाळीसारखं विरविरीत दिसेल. घाबरून घट्ट करू नका, नाहीतर धुतल्यावर पांघरुणाची सतरंजी होईल.

पट्ट्या आधी जोडा, मग धुवा, म्हणजे दोन्ही एकत्र आटतात. त्याच लोकरीने, काठाला काठ लावून, एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा फास उचलत हातशिलाई करा. मोठ्या टबात कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घ्या. हाताला गरम वाटेल पण चटका बसणार नाही इतकंच. पांघरूण त्यात अर्धा तास भिजू द्या, मग स्वच्छ पायांनी हळूहळू तुडवा. दर दोन मिनिटांनी थांबून एक कोपरा उजेडात धरा. धाग्यांमधली भोकं भरत आली आणि बोटाने धागा सरकवला तर जागचा हलेना, की तिथेच थांबा. आटलेली लोकर पुन्हा सैल होत नाही. खळखळून काढायचं पाणीही तेवढंच कोमट ठेवा. पिळू नका, जुन्या चादरीत गुंडाळून दाबा आणि सावलीत, सपाट जागी पसरा. दोरीवर टाकलंत तर ओल्या वजनाने मधला जोड खाली ओढला जाईल. थंडीत वाळायला दोन दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी एकदा उलटवायला विसरू नका.